एकाच दिवशी विक्रीला आलेली दोन यंत्रं: फॅमिकॉम आणि एसजी-१००० दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, १३ जानेवारी २०२४: टेबलावर काय आहे

टीव्हीला जोडून खेळायची तीन जपानी व्हिडिओ गेम यंत्रं आहेत. निंटेंडोचा फॅमिली कॉम्प्युटर, म्हणजे फॅमिकॉम, मॉडेल एचव्हीसी-००१. सेगाचा एसजी-१०००. आणि या दोघांच्या दोन वर्षं आधीचा इपॉकचा कॅसेट व्हिजन.

पहिली दोन जपानमध्ये एकाच तारखेला विक्रीला आली: १५ जुलै १९८३. फॅमिकॉमची किंमत १४,८०० येन, एसजी-१००० ची १५,०००. फरक फक्त २०० येनांचा. त्यातला फॅमिकॉम सप्टेंबर २००३ पर्यंत कारखान्यात बनत राहिला आणि परदेशातल्या त्याच्या एनईएस रूपासह जगभरात ६ कोटी १९ लाखांच्या आसपास विकला गेला. एसजी-१००० ला दोन वर्षांत सगळा ढाचा बदलावा लागला. हे का झालं, याची बरीच उत्तरं बाजारात शोधली जातात. आमचं मत असं की मोठं उत्तर खेळाची कॅसेट बसते त्या खाचेत आहे आणि ते यंत्र उघडून दाखवता येतं. त्यासाठी दोन्ही यंत्रं एकाच टीव्हीवर, एकाच प्रकारच्या जोडणीने, स्वच्छ चित्र देणारी हवीत. प्रकल्प तेवढाच.

आजची स्थिती: फॅमिकॉम चालू होतो की नाही माहीत नाही, पहिल्या कंट्रोलरची केबल मानेशी दबलेली. एसजी-१००० बाहेरून बरा, कॅसेटची खाच काळवंडलेली. कॅसेट व्हिजनच्या घुंड्या जड.

रविवार, १४ जानेवारी: वीज

कुठलंही यंत्र लावण्याआधी हा भाग नीट. जपानचा घरगुती पुरवठा १०० व्होल्टचा, आपला २३० चा. मूळ जपानी अडॅप्टर आपल्या भिंतीत खोचला की आतला ट्रान्सफॉर्मर जळतो, काही वेळा यंत्र घेऊन जातो. मूळ अडॅप्टर पिशवीत भरून वर “वापरू नये” असं लिहून ठेवला.

फॅमिकॉमच्या अडॅप्टरवर डीसी १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर छापलंय. पिन ५.५ × २.१ मिलिमीटरची, आणि मध्यभाग ऋण. चूक होते ती इथेच. आपल्या घरात पडलेले राउटरचे, सेट-टॉप बॉक्सचे अडॅप्टर बहुतेक मध्यभाग धन असलेले असतात. पिन अगदी बरोबर बसते आणि उलटा पुरवठा आत जातो. मग ७८०५ रेग्युलेटर (पुरवठा ५ व्होल्टवर आणणारा भाग) आणि त्याच्या आधीचा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर दोन्ही धोक्यात.

सोपा मार्ग: गिटारच्या इफेक्ट पेडलचे अडॅप्टर ९ व्होल्ट, मध्यभाग ऋण, याच पिनचे असतात आणि वाद्यांच्या दुकानात मिळतात. फक्त करंट बघून घ्या. पेडलचे साधे अडॅप्टर १००-३०० मिलिअँपिअरचे असतात, ते पुरत नाहीत. १ अँपिअरचा घेतला. ९ व्होल्ट असल्याने ७८०५ ला मूळ अडॅप्टरपेक्षा कमी उष्णता काढावी लागते, हा फायदाच.

एसजी-१००० साठी अंदाज लावला नाही. यंत्रावरची आणि अडॅप्टरवरची धन-ऋणाची खूण वाचून, मल्टिमीटरने पिन तपासून मगच जोडायचं, हा नियम तिन्ही यंत्रांना.

शनिवार, २० जानेवारी: फॅमिकॉम उघडला

तळाला सहा साधे चौफुली स्क्रू. आत दोन बोर्ड: मुख्य बोर्ड, आणि मागच्या बाजूला वीज व आरएफचा (टीव्हीच्या अँटेनाच्या वाटेने चित्र-आवाज पाठवणारा) छोटा बोर्ड. ७८०५, चालू-बंदचं बटण, चॅनेल १-२ चा खटका आणि आरएफचा पत्र्याचा डबा हे सगळं या छोट्या बोर्डावर.

मुख्य बोर्डावर छाप एचव्हीसी-सीपीयू-०७. मोठ्या चिपा दोनच, दोन्ही रिकोच्या. प्रोसेसर आरपी२ए०३: ६५०२ प्रोसेसरचा गाभा, त्यातली दशमान गणिताची सोय काढलेली, आवाजाची यंत्रणा त्याच चिपवर. चित्राची चिप आरपी२सी०२, तिला सगळे पीपीयूच म्हणतात. २१.४७७२७ मेगाहर्ट्झचा एकच क्रिस्टल. त्याला १२ ने भागून प्रोसेसरला १.७९ आणि ४ ने भागून पीपीयूला ५.३७ मेगाहर्ट्झ. प्रोसेसरला २ किलोबाइट रॅम, चित्राला वेगळी २ किलोबाइट. आजच्या नजरेला हे किती थोडं आहे! हे यंत्र घडवणाऱ्या मासायुकी उएमुरा यांच्या चमूने खर्च कुठे वाचवला आणि कुठे हात सैल सोडला, ते हा बोर्ड समोर ठेवून वाचता येतं.

आमच्या यंत्राची बटणं गोल, कडक प्लास्टिकची. अगदी सुरुवातीच्या यंत्रांत चौकोनी रबरी बटणं होती, ती कडेला अडकून बसायची आणि फाटायची. त्याच पहिल्या काळात चिपच्या दोषामुळे खेळ मध्येच गोठत होता, म्हणून कंपनीने यंत्रं परत मागवून बोर्ड बदलून दिले. चौकोनी बटणांचं यंत्र हाती आलं तर ती बटणं बदलू नका, तशीच जपा. आणखी एक खूण: ज्या २ए०३ प्रोसेसरवर पुढे अक्षर छापलेलं नाही, त्या पहिल्या खेपेच्या चिपेत गोंगाटाच्या चॅनेलचा छोट्या आवर्तनाचा प्रकार नाही. त्यामुळे काही खेळांतले धातूसारखे खणखणणारे आवाज तिथे नुसते फसफसतात. तो बिघाड समजून चिप बदलायला जाऊ नये.

वीज दिली. ७८०५ नंतर ५.०२ व्होल्ट, स्थिर. यंत्र जिवंत दिसतंय. पण चित्र कुठे बघणार?

रविवार, २१ जानेवारी: आरएफने आपल्या टीव्हीवर का जमत नाही

जपानचं चॅनेल १ म्हणजे चित्राला ९१.२५ मेगाहर्ट्झ, चॅनेल २ म्हणजे ९७.२५. आपल्याकडे हा पट्टा एफएम रेडिओचा. आपल्या टीव्हीच्या ट्यूनरला तिथे चॅनेलच नसतं. केबलचे सगळे पट्टे घेणाऱ्या एखाद्या संचावर चित्र सापडलंच, तरी आवाज येत नाही: जपानी पद्धतीत आवाजाची लहर चित्राच्या ४.५ मेगाहर्ट्झ वर, आपल्या पाल-बी पद्धतीत ५.५ वर.

याचा एक उपयोग मात्र आहे. चॅनेल १ चा आवाज ९५.७५ मेगाहर्ट्झवर पडतो. साधा एफएम रेडिओ यंत्राशेजारी ठेवला, काटा ९५.७ च्या जवळ नेला, कॅसेट घातली, आणि खेळाचं संगीत रेडिओवर स्वच्छ ऐकू आलं. कुठेही सोल्डर न करता कळलं की प्रोसेसर, क्रिस्टल, रॅम आणि कॅसेट ठीक आहेत. कुठलाही जपानी फॅमिकॉम हाती आला की आधी ही चाचणी करावी.

शनिवार, २७ जानेवारी: फॅमिकॉमला एव्ही आउटपुट, पहिला प्रयत्न

पीपीयूच्या २१ क्रमांकाच्या पायावर कॉम्पोझिट व्हिडिओ, म्हणजे एकाच तारेवरचं पूर्ण चित्र, तयारच असतो. चिपेची खाच वर धरली तर डावीकडे सर्वांत वरचा पाय १, सर्वांत खालचा २०, आणि त्याच्या समोर उजवीकडे खाली २१. वीस म्हणजे ग्राउंड, चाळीस म्हणजे ५ व्होल्ट.

२१ चा सिग्नल थेट केबलला जोडायचा नाही, त्यात ७५ ओहमचा भार ओढायची ताकद नाही. मध्ये ट्रान्झिस्टरचा बफर लागतो, आणि तो पीएनपी प्रकारचाच हवा. कारण पीपीयूचा सिग्नल खाली बसलेला आहे: सिंकचं (टीव्हीला ओळीची सुरुवात सांगणाऱ्या खुणेचं) टोक साधारण ०.८ व्होल्टवर, पांढरा रंग २ व्होल्टच्या आसपास. एनपीएन लावला तर बेस-एमिटरमध्ये ०.६५ व्होल्ट जातात, सिंक जमिनीला टेकतं आणि चित्र लोळायला लागतं. पीएनपीमध्ये तेवढेच व्होल्ट वर चढतात.

जोडणी: २१ वरून बेसला. कलेक्टर ग्राउंडला. एमिटरपासून ५ व्होल्टला १५० ओहम. एमिटरवरून ४७० मायक्रोफॅरड कॅपॅसिटर, धन बाजू एमिटरकडे. पुढे ७५ ओहम आणि मग पिवळा आरसीए सॉकेट.

सुटे भाग पुण्यातल्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळाले. ट्रान्झिस्टर मागितला २एसए१०१५, एकाच दुकानात तो आणि बीसी५५७ दोन्ही होते. दोन्ही चालतात, पण पायांचा क्रम वेगळा. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली: २एसए१०१५ ला डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस. बीसी५५७ ला कलेक्टर, बेस, एमिटर. एकाच्या आकृतीवरून दुसरा लावला की चित्र येतच नाही, आणि माणूस तासभर पीपीयूला दोष देत बसतो.

चित्र आलं. रंग बरोबर, पण सगळं मंद, संध्याकाळ झाल्यासारखं.

रविवार, २८ जानेवारी: चित्र मंद का

चूक मांडणीतच होती. सिंकपासून पांढऱ्यापर्यंत पीपीयूचा सिग्नल जेमतेम १.२ व्होल्टचा. आपला बफर, म्हणजे एमिटर फॉलोअर, ताकद देतो, व्होल्ट वाढवत नाही. बाहेर जाताना आपण ७५ ओहम मालिकेत टाकला, टीव्हीच्या आत आणखी ७५ आहेच. दोघांत व्होल्ट अर्धे वाटले गेले. टीव्हीला हवा १ व्होल्ट, मिळतोय ०.६.

दोन उपाय. मालिकेतला ७५ ओहम काढून टाकायचा. दीड मीटरच्या केबलला त्याने डोळ्यांना दिसेल असा फरक पडत नाही. किंवा दुपटीने वाढवणारी टीएचएस७३१४ सारखी व्हिडिओ अँप्लिफायरची चिप लावून ७५ ठेवायचा. दुसरा मार्ग शास्त्रशुद्ध. पण ती चिप इवलीशी, पृष्ठभागावर सोल्डर करायची, आणि आपल्याला दुसऱ्या कुणालाही करता येईल अशी जोडणी हवी. रेझिस्टन्स काढला. चित्र लख्ख.

कॅपॅसिटर ४७० च का, याचा हिशेब: ७५ ओहमच्या भाराला ४७० मायक्रोफॅरड म्हणजे कटऑफ (ज्याखालचे संथ बदल गळतात ती सीमा) ४.५ हर्ट्झ. २२० लावला तर ९.६ हर्ट्झ, आणि पडदा सेकंदाला ६० वेळा काढला जात असल्याने मोठ्या एकरंगी आकाशात वरून खाली हलकी छटा पडते. ४७० मध्ये ती जवळपास दिसत नाही. १६ व्होल्टचा कॅपॅसिटर पुरतो.

टीव्हीबद्दल: साधा ट्यूबवाला रंगीत संच, एव्ही इनपुट असलेला. मेनूत कलर सिस्टिम ऑटो किंवा एनटीएससी ३.५८ (जपानी यंत्रांची रंगपद्धत). पालवर अडकवलेला असेल तर चित्र काळं-पांढरं येतं आणि लोकांना वाटतं यंत्र बिघडलं. ३.५८ निवडूनही रंग येत-जात असेल, तर बोर्डावर क्रिस्टलशेजारचा छोटा ट्रिमर प्लास्टिकच्या पेचकसाने केसभर फिरवायचा. लोखंडी पेचकस जवळ नेला तरी वारंवारता सरकते.

शनिवार, ३ फेब्रुवारी: उभे पट्टे

निळ्या पार्श्वभूमीवर समान अंतरावर फिकट उभे पट्टे, तुरुंगाच्या गजांसारखे. मोजले: रुंदीत ३२. पडदा २५६ बिंदूंचा, म्हणजे दर ८ बिंदूंना एक. यावरूनच उगम कळतो. पीपीयू पार्श्वभूमीचा प्रत्येक ८ बिंदूंचा तुकडा काढायला चार वेळा मेमरी वाचतो, आणि त्या वाचनाची धडधड पुरवठ्यातून आणि शेजारच्या ट्रॅकमधून व्हिडिओत गळते.

केलेलं काम, ज्या क्रमाने केलं त्या क्रमाने:

पहिलं, २१ चा पाय बोर्डापासून तोडला. तो पाय लांबलचक ट्रॅकने आरएफ बोर्डापर्यंत जातो आणि तो ट्रॅक अँटेनासारखा गोंगाट गोळा करतो. सोल्डर पंपाने पाय मोकळा करून वाकवता येतो, पण चाळीस वर्षांचा पाय दोनदा वाकवला की चिपेच्या अंगाशी मोडतो. मग चिप गेलीच. म्हणून पाय जागेवर ठेवून ट्रॅकच चिपेपासून ३ मिलिमीटरवर धारदार पातीने कापला. उद्या परत आरएफ हवा असेल तर एक थेंब सोल्डर पुरे.

दुसरं, ट्रान्झिस्टर पीपीयूच्या पोटाशीच बसवला, बेसची तार १ सेंटिमीटरपेक्षा कमी. आधी तो मागच्या सॉकेटजवळ होता आणि २१ पासून तिथपर्यंत १४ सेंटिमीटर तार होती. सगळ्यात जास्त फरक इथे पडला.

तिसरं, पीपीयूच्या ४० आणि २० मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आणि १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक, बोर्डाच्या खालच्या बाजूने.

पट्टे पूर्ण गेले नाहीत. निळ्यावर निरखून पाहिलं तर दिसतात, खेळताना नाहीत. इथे थांबलो.

रविवार, ४ फेब्रुवारी: आवाज

आवाज कुठून घ्यायचा, यात बरेच जण चुकतात. प्रोसेसरच्या १ आणि २ क्रमांकाच्या पायांवर आवाज मिळतो, म्हणून तिथूनच तार काढतात. साध्या खेळांना चालतं. पण फॅमिकॉममध्ये यंत्राचा आवाज कॅसेटच्या ४५ व्या पिनवरून बाहेर जातो आणि ४६ वरून परत येतो. साध्या कॅसेटमध्ये या दोन पिना नुसत्या जोडलेल्या असतात. काही कॅसेटींत मात्र स्वतःची आवाजाची चिप असते आणि ती या वाटेवर आपला सूर मिसळते. कोनामीच्या १९८९ च्या ‘आकुमाजो देन्सेत्सु’मध्ये व्हीआरसी६ चिप तीन जादा चॅनेल देते. प्रोसेसरवरून तार काढली तर ते तिन्ही गायब.

म्हणून आवाज ४६ च्या पुढे, आरएफ बोर्डाला जाणाऱ्या तारेवरून घेतला: १० मायक्रोफॅरड, धन बाजू यंत्राकडे, आणि बाहेरच्या टोकाला ग्राउंडकडे १० किलोओहम. तो १० किलोओहम नसेल तर केबल खोचताना स्पीकरमधून धपकन आवाज येतो. याच रचनेमुळे कॅसेट नसताना यंत्र मुकं असतं. तो बिघाड नव्हे.

शनिवार, १० फेब्रुवारी: कंट्रोलर

फॅमिकॉमचे दोन्ही कंट्रोलर यंत्राला कायमचे जोडलेले, म्हणून “दुसरा लावून बघू” ही सोय नाही. पहिल्याची तक्रार: ए दाबलं की नायक उडी मारतो, डावीकडे झुकतो, आणि खेळही थांबतो.

हे लक्षण वाचायला शिकण्यासारखं आहे. कंट्रोलरमध्ये आठ बटणांसाठी एकच ४०२१ शिफ्ट रजिस्टर आहे. यंत्र लॅचची खूण देतं, मग क्लॉकच्या ठोक्यागणिक एकेक बटण वाचतं: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. क्लॉकची तार तुटली तर रजिस्टर पुढे सरकतच नाही आणि आठही वेळा ए चीच अवस्था वाचली जाते. ए दाबलं की सगळी बटणं दाबल्यासारखी, बाकी कशाचाच परिणाम नाही. लॅच वरच अडकली तरी हेच दिसतं. डेटाची तार तुटली तर उलट: काहीच दाबलं जात नाही.

तपासणी: कंट्रोलर उघडून, कंटिन्युइटीवर मल्टिमीटर ठेवून, केबल मानेशी वाकवत एकेक तार. क्लॉकची तार वाकवल्यावर तुटत होती, अगदी रबराच्या बाहेर पडते तिथे. दबलेला ५ सेंटिमीटरचा तुकडा कापून उरलेली केबल परत सोल्डर केली. तारांच्या रंगांवर भरवसा ठेवू नका. कापण्याआधी फोटो, आणि कनेक्टरपासून पॅडपर्यंत प्रत्येक तार मोजूनच. दुसऱ्या कंट्रोलरमध्ये मायक्रोफोनची जादा तार असते. त्याला स्टार्ट आणि सिलेक्ट नसतात.

रविवार, ११ फेब्रुवारी: एसजी-१०००

उघडल्यावर पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती ही, की इथे सेगाची स्वतःची चिप जवळपास नाहीच. झेड८० वंशाचा प्रोसेसर ३.५८ मेगाहर्ट्झवर, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चित्राची चिप टीएमएस९९१८ए, त्याच कंपनीची आवाजाची चिप एसएन७६४८९. बाजारातून घेतलेले भाग, नीट जोडलेले. अमेरिकेतल्या कोलेकोव्हिजन या गेम यंत्राचा साचाही हाच. इतका, की तैवानच्या बिट कॉर्पोरेशनने पुढे दोन्हींच्या कॅसेटी घेणारं एकच यंत्र काढलं.

चित्र नव्हतं. कारण खाच. ४४ पिनांच्या खाचेवर काळी साय. बँकेच्या जुन्या कार्डाला धागे न सोडणारं कापड गुंडाळलं, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलं केलं आणि वीस वेळा आत-बाहेर. कापड चार वेळा बदललं. कॅसेटच्या पिनांना पांढरा मऊ खोडरबर, हलक्या हाताने. शाईचा खरखरीत खोडरबर वापरू नये, त्यातली वाळू सोन्याचा मुलामा खरवडते आणि पुढच्याच पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं.

व्हिडिओ ९९१८ए च्या ३६ क्रमांकाच्या पायावरून. इथला सिग्नल ग्राउंडपासून बराच वर बसलेला, म्हणून इथे एनपीएन: २एससी१८१५, बेस ३६ ला, कलेक्टर ५ व्होल्टला, एमिटरपासून ग्राउंडला रेझिस्टन्स, आणि बाहेर तोच ४७० मायक्रोफॅरड. फॅमिकॉमची जोडणी डोळे मिटून इथे उतरवू नये.

९९१८ए भयंकर तापते. दहा मिनिटांनी बोट ठेववत नाही. तिचा स्वभावच तो, बिघाड नाही. तरी उष्णता वाहणाऱ्या चिकटपट्टीने २० मिलिमीटरचा अॅल्युमिनिअमचा हीटसिंक बसवला. झाकण बंद होतं की नाही ते आधी मोजून घ्या.

जॉयस्टिक इथेही कायमची जोडलेली, पण आत रजिस्टर नाही. प्रत्येक दिशेला आणि बटणाला स्वतंत्र तार. एक तुटली तर एकच दिशा जाते; शोधायला सोपं, केबल मात्र जाड. यंत्रावरचं होल्डचं बटण प्रोसेसरच्या एनएमआयला (टाळता न येणाऱ्या व्यत्ययाच्या पायाला) जातं, त्यामुळे खेळ काहीही करत असला तरी थांबतो.

शनिवार, १७ फेब्रुवारी: कॅसेट व्हिजन, थोडक्यात

३० जुलै १९८१, १३,५०० येन. याच्या पोटात प्रोसेसरच नाही. एनईसीची चिप प्रत्येक कॅसेटमध्ये, यंत्र म्हणजे घुंड्या, बटणं, वीज आणि आरएफ. त्यामुळे कॅसेट नसेल तर तपासायलाच काही नाही. घुंड्यांचे पॉट, म्हणजे फिरते रेझिस्टन्स, काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि पन्नास फेऱ्यांनी मोकळे झाले. खाच पुसली. याला एव्ही करत नाही. तुलनेत त्याची जागा एवढीच, की यंत्र स्वस्त ठेवायची दुसरी वाट दिसावी. त्या वाटेवर प्रत्येक खेळाबरोबर गिऱ्हाईक नवा प्रोसेसर विकत घेतं आणि खेळ एका चिपेत मावेल एवढाच राहतो.

रविवार, १८ फेब्रुवारी: त्या वेळचा बाजार

हे समोर ठेवल्याशिवाय १४,८०० चा अर्थ लागत नाही. बंदाईने जपानात आणलेला इंटेलिव्हिजन ४९,८०० येन. टोमीचा प्युटा ५९,८००. अटारी २८००, मे १९८३, २४,८००. खालच्या टोकाला गाक्केनचा टीव्ही बॉय ८,८०० आणि कॅसेट व्हिजन ज्युनिअर ५,०००. ऑक्टोबर १९८३ मध्ये कॅसिओचा पीव्ही-१००० आला, बरोबर १४,८०० ला, आणि थोड्याच काळात दुकानांतून गेला. म्हणजे पंधरा हजारांच्या घरात गर्दी होती. स्वस्त असणं हे एकट्या फॅमिकॉमचं बळ नव्हतं.

जुलै १९८४ च्या शेवटी हडसनने ‘नट्स अँड मिल्क’ आणि ‘लोड रनर’ फॅमिकॉमवर आणले, सप्टेंबरात नामको ‘गॅलॅक्सियन’ घेऊन आली. बाहेरच्या कंपन्या आल्या, त्या खाचेतून काय काय करता येतं हे बघून.

रविवार, २५ फेब्रुवारी: दोन्ही यंत्रं शेजारी

एकच टीव्ही, दोन एव्ही इनपुट, मध्ये खटका. दोन गोष्टी मुद्दाम पाहिल्या.

पार्श्वभूमी सरकणं. ९९१८ए मध्ये बिंदूबिंदूने सरकवायची सोयच नाही. पार्श्वभूमी ८ × ८ च्या चौकटींची. सरकवायची तर चौकटीचा क्रमांक बदलायचा, म्हणजे उडी ८ बिंदूंची. मधल्या अवस्थांची चित्रं आधी काढून ठेवली तर ठसका कमी होतो, पण मेमरी खर्ची पडते. फॅमिकॉमच्या पीपीयूला सरकण्यासाठी रजिस्टर आहे. दोन आकडे लिहिले की अख्खा पडदा एका बिंदूने सरकतो. दोन्ही चित्रं एकापाठोपाठ एक पाहताना हे अगदी नवख्यालाही कळतं, सांगावं लागत नाही.

हलत्या आकृत्या. ९९१८ए वर एकूण ३२, एका आडव्या ओळीत ४. पाचवी दिसत नाही. फॅमिकॉमवर ६४ आणि एका ओळीत ८.

आता खाच. एसजी-१००० च्या ४४ पिनांवर प्रोसेसरचाच बस (पत्ते आणि आकडे वाहणाऱ्या तारा) येतो. चित्राची मेमरी यंत्राच्या आत कोंडलेली. फॅमिकॉमच्या ६० पिनांवर प्रोसेसर आणि पीपीयू दोघांचेही बस बाहेर आणलेले. चित्रांचा रॉम कॅसेटमध्येच बसतो, पीपीयू तो थेट वाचतो. त्यामुळे कॅसेटमध्ये मेमरीच्या पट्ट्या बदलणारी चिप टाकली की यंत्राला हात न लावता चित्रंही बदलतात आणि प्रोग्रॅमही वाढतो. १३ सप्टेंबर १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४० किलोबाइटचा: ३२ प्रोग्रॅम, ८ चित्रं. १९९३ चा ‘कर्बी’ ७६८ किलोबाइटचा, आणि तोही याच १९८३ च्या बोर्डावर चालतो. खर्चाची एवढी काटकसर असलेल्या यंत्रात सोळा जादा पिनांसाठी पैसे सोडले गेले, याबद्दल त्या अभियंत्यांना मनापासून दाद द्यावीशी वाटते.

सेगाने ओळखलं नाही असं नाही. २० ऑक्टोबर १९८५ च्या मार्क ३ या त्यांच्या पुढच्या यंत्रात सरकण्याची सोय, ६४ आकृत्या, ओळीत ८, सगळं आलं, किंमत तीच १५,०००. पण ‘मारिओ’ येऊन तेव्हा ३७ दिवस झाले होते.

शनिवार, २ मार्च: आपल्याकडच्या कॅसेटी

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात घरोघरी जे “टीव्ही गेम” होते, ते बहुतेक फॅमिकॉमच्याच नकला, आणि त्यांच्या कॅसेटी याच ६० पिनांच्या. फॅमिकॉममध्ये कुलूप-चिप नाही, त्यामुळे त्या चालतात. दोन गोष्टी सांभाळा.

बोर्डाची जाडी. मूळ कॅसेटचा बोर्ड १.२ मिलिमीटर. नकली कॅसेट व्हर्निअरने मोजली, १.६ भरली. ती घातली की खाचेच्या स्प्रिंगा ताणतात आणि नंतर मूळ कॅसेट सैल बसते. ज्या १.६ च्या आहेत त्या फॅमिकॉममध्ये घालायच्या नाहीत, त्यांना नकली यंत्रच.

वेग. आपली नकली यंत्रं पालसाठी सेकंदाला ५० पडद्यांवर चालायची, फॅमिकॉम ६०.१ वर. म्हणून तीच कॅसेट इथे सुमारे २० टक्के जास्त वेगाने धावते, संगीतासकट. लहानपणी कानात बसलेली चाल इथे घाईत वाटते. खरी चाल हीच.

उरलेलं काम: फॅमिकॉमचं झाकण लावताना ४७० चा कॅपॅसिटर कॅसेट बाहेर काढायच्या दांड्याला घासत होता. तो आडवा करून गरम गोंदाने बोर्डाला चिकटवला. झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची चिठ्ठी लावली: “ट्रॅक २१ कापला आहे. बफर २एसए१०१५. ९ व्होल्ट, मध्यभाग ऋण.”